राग घणात घाल

घण वर गेला की लोहारणीचा श्वास थांबायचा आणि तो खाली आदळला की सुटायचा. दिवसातून असं किती वेळा व्हायचं ते तिनं मोजलं नव्हतं, पण संध्याकाळी छाती अशी भरून यायची, जणू घण तिनंच मारला होता. तिचा उजवा हात तर गळ्यात अडकवलेल्या फडक्यात निजून होता. डाव्या हातानं ती भात्याचं चाक फिरवत होती. घण होता तिच्या लेकीच्या हातात. लेक चौदाची. आणि ऐरणीच्या पलीकडे, बरोबर घणाखाली, सांडशीत तापलेला फाळ धरून तिचा नवरा बसलेला होता.

पेरणीच्या आधीचे पंधरा दिवस लोहाराच्या घरात कुणाला धड जेवायची सवड नसते. वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेले फाळ आणि कुदळी सगळ्यांना एकदम आठवतात, आणि जो तो आपलं काम आधी हवं म्हणून दारात बसून राहतो. यंदा ढग लवकर जमायला लागले होते, त्यामुळे घाई दुप्पट. त्यात मोठ्या सडकेवर वेल्डिंगचं नवीन दुकान निघालं होतं. तिथं यंत्राचा घण होता. तो दमत नव्हता, त्याला भूक लागत नव्हती आणि त्याचा खांदाही निखळत नव्हता. लोहारणीचा निखळला होता, तोही कामाच्या ऐन तोंडावर. हाड बसवणाऱ्यानं बसवला आणि सांगितलं, दोन महिने या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही.

घण मारणाऱ्याशी लोहार तोंडानं बोलत नाही. भट्टीच्या आवाजात ऐकू कुठलं येणार? त्याच्या उजव्या हातात छोटी हातोडी असते. तिनं तापल्या फाळावर जिथं टक केलं, तिथं घण पडायचा. ऐरणीच्या मोकळ्या जागेवर टकटक केलं की थांबायचं. अठरा वर्षं लोहारीण या खुणेवर चालली होती. नवराबायको तोंडानं जेवढे बोलले असतील त्याच्या दसपट हातोडीनं बोलले होते, आणि हातोडीच्या बोलण्यात त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. तोंडाच्या बोलण्याबद्दल तेवढं म्हणता येणार नाही.

लेकीला बाप ठिणगी म्हणायचा. लाडानं म्हणायचा, पण नाव काही उगाच पडलं नव्हतं. लहानपणापासून पोरीच्या नाकावर राग. मात्र तो यायचा आणि जायचा. घटकाभरानं तीच येऊन आईच्या पाठीला पाठ लावून बसायची. खांदा निखळला त्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी आला तो राग वेगळा होता. सहा वर्षांच्या बारक्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, तिच्या पेल्यात बोट बुडवलं. एवढंच. ठिणगीनं समोरचं भरलं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं.

लोहाराच्या बापानं अशा वेळी काय केलं असतं ते लोहाराच्या दंडावर लिहिलेलं होतं. गरम सांडशीचा डाग होता तो, चाळिशी आली तरी गेला नव्हता. आपण पोरांवर हात उचलायचा नाही असं त्यानं लग्नाआधीच ठरवलं होतं आणि पाळलंही होतं. तो शांतपणे उठला, लेकीला दंडाला धरून भट्टीपाशी घेऊन गेला आणि तिच्या हातात घण दिला.

"आलाय ना राग? मग घणात घाल," तो म्हणाला. "लोखंडाला काही लागत नाही."

ठिणगीनं त्या दिवशी तीन फाळ ठोकले. घामानं निथळत घरात आली, गप्प बसून जेवली. लोहाराला कोण आनंद. बायकोला म्हणाला, "बघितलंस? मारलं नाही, ओरडलो नाही. पोरगी पण शांत, काम पण झालं." लोहारणीलाही बरंच वाटलं. नवरा चांगला आहे असं तिला वाटण्याचे प्रसंग वर्षातून चारदोनच यायचे, हा त्यातला एक होता.

पण माणसाला एखादी युक्ती साधली की तो ती सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ठिणगी मुकाट्यानं घण उचलायला आली आणि तिचे घाव पोकळ पडायला लागले. राग नव्हता ना. चौदा वर्षांच्या पोरीच्या दंडात असून असून किती जोर असणार? लोहारानं दोन फाळ कसेबसे केले आणि तिसऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं, "सुताराची पोरगी पहिली आली म्हणे वर्गात. तू कितवी होतीस गं?"

घण असा आदळला की ऐरणीखालचा ओंडका हलला.

तेव्हापासून सकाळी भट्टीला वारा घालायचा, तसाच लेकीलाही घालायचा, हा नेमच होऊन बसला. कधी सुताराची पोरगी, कधी तिच्या केसांना हसलेली शाळेतली बाई, कधी नुसतंच "दमलीस वाटतं, बारक्याला बोलावू का?" लोहार हे सगळं हसत हसत करायचा. दारात बसलेली गिऱ्हाईकंही हसायची. पोरीच्या अंगात काय दम आहे, म्हणायची. ठिणगी हसायची नाही. ओठ आवळून घण उचलायची.

चौथ्या दिवशी लोहारणीच्या लक्षात आलं. ऐरणीवर टकटक झाली, थांबायची खूण, आणि त्यानंतर एक घाव पडला. एकच. लोहारानं फाळ तोपर्यंत मागं घेतला होता, घाव कोऱ्या ऐरणीवर खणकन वाजला. दिवसभर ती तेवढंच ऐकत राहिली. दर चारपाच फाळांना एकदा, थांब म्हटल्यावर एक घाव जास्तीचा. दुसऱ्या दिवशी कधी कधी दोन.

"अहो, ती खुणेला थांबत नाही," जेवताना तिनं सांगितलं.

"जोर आहे. उतरायला वेळ लागतो."

"तुमचा हात असतो तिथं."

"माझा हात मला माहीत आहे कुठं असतो ते," लोहार म्हणाला आणि तिच्या ताटात भाकरीचा तुकडा मोडून टाकला, कारण डाव्या हातानं तिला तो मोडता येत नव्हता.

त्याच दुपारी बारक्यानं पाण्याचा माठ फोडला. काठीनं, नीट नेम धरून. ओट्यावरून पाण्याचा लोट वाहत निघाला आणि हा मध्ये उभा.

"काय रे हे?" लोहारणीनं विचारलं.

"मला राग आला होता," बारक्या म्हणाला. "मग मी तो माठात घातला."

लोहार खो खो हसला. लोहारणीला हसू आलं नाही. तिनं ठिणगीकडे पाहिलं. ठिणगी माठाच्या खापऱ्या गोळा करत होती आणि एकेक खापरी दुसरीला जुळते का ते लावून बघत होती.

संध्याकाळी तिनं तेलाची वाटी घेतली आणि लेकीला जवळ बसवलं. तळहातांवर फोड आले होते, दोन फुटून कोरडे झाले होते. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ती हळूहळू तेल लावत राहिली.

"दुखतंय का?"

"नाही."

"कशाचा राग आहे गं एवढा?"

"मला काय माहीत."

"काहीतरी असेल ना. काय कमी केलंय आम्ही तुला?"

ठिणगीनं हात काढून घेतला. "काही कमी नाही," ती म्हणाली आणि उठून गेली. लोहारीण वाटी घेऊन बसून राहिली. आपण ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं हे तिला बोलता बोलताच कळलं होतं. तिची आई हेच वाक्य बोलायची, आणि ते ऐकल्यावर पुढं काही सांगावंसं वाटायचं नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच निघालं. तिला स्वतःचाच राग आला, पण तिच्याकडे घण नव्हता.

आठव्या दिवशी ट्रॅक्टरवाला आला. त्याचे पाच फाळ होते, मनगटाएवढे जाड, टोकं पार झिजलेली. ते ऐरणीशेजारी टाकून तो तिथंच उभा राहिला. बसा म्हटलं तर बसेना.

"दुपारपर्यंत होतील ना? नाहीतर सडकेवर नेतो. तिथं तासाभराचं काम आहे."

"होतील की," लोहार म्हणाला.

पहिला फाळ तापायलाच किती वेळ लागला. लोहारणीचा डावा हात चाक फिरवून फिरवून बधिर झाला. फाळ पिवळा होऊन बाहेर आला, ठिणगीनं घण उचलला, आणि दहा घावांत काही फरक दिसला नाही. फाळ लाल झाला, मग काळपट. पुन्हा भट्टीत. पुन्हा दहा घाव. ट्रॅक्टरवाल्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दारात बसलेला म्हातारा, जो त्याच्या बैलांशिवाय कुठं दिसायचा नाही म्हणून सगळे त्याला बैलवाला म्हणायचे, तो म्हणाला, "लेकराला जरा दम खाऊ दे." पण त्याचं ऐकणार कोण? त्याच्या कामाला घाई नव्हती.

लोहारानं सुताराच्या पोरीचं नाव काढलं. घाव पोकळच. शाळेतल्या बाईंचं काढलं. ठिणगीनं नुसतं कपाळ पुसलं. मग त्यानं फाळ भट्टीतून काढला, ऐरणीवर ठेवला आणि त्याच हसऱ्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या वाटचा घण आई मारत होती ना? म्हणून तर तिचा खांदा गेला. आता मार, भरून काढ."

लोहारणीचा हात चाकावर थांबला.

पहिल्याच घावानं फाळ दबला. दुसऱ्यानं टोक निघायला लागलं. लोहार हातोडीनं दाखवत गेला, घण पडत गेला, आणि ट्रॅक्टरवाला "आता कसं" असं काहीतरी म्हणाला. टोक निघालं. लोहारानं ऐरणीवर टकटक केलं. घाव पडला. पुन्हा टकटक केलं. घाव पडला. "थांब," तो तोंडानं ओरडला, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि पुढचा घाव सांडशीच्या जबड्यावर बसला.

फाळ उडाला. बारक्या पाण्याच्या टाकीपाशी चिखलाचे बैल करत बसला होता, त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर तो पडला आणि ओली माती चरचरली. लोहारीण कधी उठली आणि एका हातानं पोराला कशी उचलून मागं आली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. लोहार उभा राहिला होता. सांडशीच्या दांड्यांत डावा अंगठा चेमटला होता आणि नखाखालून रक्त यायला लागलं होतं. उजवा हात वर गेलेला होता.

ठिणगी पळाली नाही. तिनं घण खाली सोडला आणि मान पुढं करून उभी राहिली. डोळे मिटून, नीट, एखाद्यानं आपली पाळी आल्यावर पुढं सरावं तशी. लोहारणीला ते बघवेना.

"हातोडी खाली ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.

लोहारानं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात हातोडी होती. हात उचलला तेव्हा ती हातातच होती हे त्याला माहीतच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. हातोडी त्यानं ऐरणीवर ठेवली, ठेवताना वाजलीसुद्धा नाही. ठिणगीनं डोळे उघडले आणि ती कोळशाच्या खोपटात निघून गेली.

"पोरीला आवरा बाबा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "आणि माझे चार राहिलेत."

लोहारणीनं बारक्याला बैलवाल्याच्या मांडीवर दिलं आणि ती खोपटात गेली. आत अंधार नव्हता, फटींतून ऊन येत होतं आणि त्यात कोळशाची पूड तरंगत होती. ठिणगी पोत्यांच्या मागं गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"जा तू इथून."

लोहारीण तिच्याशेजारी खाली बसली. बसताना खांद्यातून कळ आली, तिनं ती दाबली नाही, "आई गं" म्हणाली. काय बोलावं ते सुचतच नव्हतं, आणि आईचं ते जुनं वाक्य पुन्हा तोंडात येईल याची धास्ती होती.

"मला भीती वाटते," शेवटी तिनं सांगितलं. "तू घण उचललास की माझा श्वास अडकतो. आठ दिवस झाले. रोज."

ठिणगीनं डोकं उचललं नाही, पण तिची पाठ हलायची थांबली.

"मला ऐकू येते खूण," ती गुडघ्यांतच बोलली. "बाबांना वाटतं मी ऐकत नाही. मला येते ऐकू. हात थांबत नाहीत. राग घणात घातला की संपतो म्हणाले होते. नाही संपत. घातला की अजून येतो. सकाळी उठले की वाटतं, आज लागणार. आज बाबांचा हात जाणार. मग माझाच मला राग येतो, मग मी अजून जोरात मारते."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्या दिवशी मी नाही म्हटलं ना. तू म्हणालीस दहा घाव मार, मी दमलेय. मी नाही म्हटलं आणि वाचत बसले. मग तुझा खांदा गेला. आता परत कशी नाही म्हणू?"

तर हे होतं. दहा घाव मागितले होते खरे. पोरगी नाही म्हणाली होती, तेही खरं. हे आपण विसरून गेलो आणि हिनं मात्र दिवसरात्र उराशी धरून ठेवलं.

ती चेष्टेत काहीतरी म्हणणार होती, पण चेष्टा तोंडातच राहिली. "माझा खांदा चार महिने दुखत होता," ती म्हणाली. "रोज. मी कुणाला बोलले नाही. तुझ्या बाबांनाही नाही. पेरणीचं काम जाईल म्हणून दाबून ठेवला. तू दहा घाव मारले असतेस तरी त्या आठवड्यात तो गेलाच असता. तुझ्यामुळे नाही गेला गं. मी गप्प बसले म्हणून गेला."

ठिणगीनं आता डोकं वर केलं. तोंडावर कोळसा आणि त्यात आसवांचे ओघळ. "चार महिने?"

"हो."

"आणि तू मला म्हणतेस सांगत का नाहीस."

"हो," लोहारीण म्हणाली. "म्हणते खरी."

ठिणगी रडायला लागली. लोहारणीनं उगी म्हटलं नाही, पुरे म्हटलं नाही. डावा हात तिच्या पाठीवर ठेवून बसून राहिली. रडणं आपोआप कमी होईपर्यंत खूप वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात बाहेर एकही घाव वाजला नाही.

दारात लोहार उभा होता. कधीपासून, कोण जाणे. अंगठ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. तो आत आला आणि लेकीसमोर उकिडवा बसला. बोलायचं ठरवून आला होता, पण त्याला तोंडाच्या बोलण्याची सवय कमी.

"चार महिने?" आधी त्यानं बायकोलाच विचारलं. तिनं मान हलवली. मग तो लेकीला म्हणाला, "मी तुला मुद्दाम चिडवत होतो. चिडलीस की जोर यायचा. आईचं बोललो तेही त्यासाठीच. चुकलं माझं."

ठिणगीनं त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. "मोडलाय?"

"नख जाईल. नख येतं परत."

"घण उचलला की मला तुमचा हात दिसतो. दुसरं काहीच दिसत नाही."

"मला पण तोच दिसतो," लोहार म्हणाला.

ठिणगीला हसू आलं, नाकातून, रडण्यासकट. बाहेर ट्रॅक्टरवाला मुद्दाम मोठ्यानं खाकरला. लोहारणीच्या मनात नको नको म्हणता हिशोब सुरू झाला. दारात एकतीस फाळ पडले होते. पाऊस उद्यापरवावर आलेला. एक अंगठा गेलेला, एक खांदा गेलेला. ठिणगी उभी राहिली नाही तर निम्मे लोक सडकेवर जाणार, आणि एकदा गेलेले पुढच्या वर्षी येतील याची काय खात्री?

"उद्यापासून चिडवणार नाही," लोहार म्हणाला. "सावकाश करू. एका फाळाला दुप्पट वेळ लागला तरी लागू दे. मारशील?" आणि मग, जरा थांबून, घशातून ओढून काढल्यासारखं, "नाही म्हटलंस तरी चालेल."

ठिणगीनं बापाकडे पाहिलं, खरंच चालेल का ते बघायला. मग आईकडे पाहिलं. लोहारणीला ठाऊक होतं, आपण आत्ता नुसता सुस्कारा टाकला तरी पोरगी हो म्हणेल. उठेल, डोळे पुसेल आणि घण उचलेल. तिनं सुस्कारा टाकला नाही. जीव मुठीत धरून ती बसून राहिली.

"नाही," ठिणगी म्हणाली.

ठिणगीची बोटं आईच्या पदरात घट्ट रुतली होती. एकतीस लोहारालाही मोजता येत होते.

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

तो बाहेर गेला. लोहारणीला त्याची पावलं ऐकू आली, मग त्याचा आवाज. मोठ्या फाळांचं काम होणार नाही, हलक्या कुदळी तेवढ्या मी एकट्यानं करीन, त्याला आठ दिवस लागतील, असं तो सगळ्यांना सांगत होता.

"आठ दिवस?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "आणि पोरगी काय करणार आहे? चांगली धडधाकट तर आहे."

"ती घण मारणार नाही."

"का?"

"ती नाही म्हणाली," लोहार म्हणाला.

बाहेर लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. ट्रॅक्टरवाला आपले फाळ उचलत होता.